धाकट्याची एमजीबी

मंडळी, या वेळचा विषय वाचून आमच्या नातेवाइकांपैकी निम्मे जण हसणार आहेत. ज्याने उभ्या आयुष्यात सायकलखेरीज काही चालवलं नाही, तो मास्तर आता जुनी स्पोर्ट्‌स कार कशी सुधारावी यावर लिहिणार! हसा खुशाल. पण २०२३च्या उन्हाळ्यात मी तीन महिने इंग्लंडात धाकट्या भावाकडे होतो आणि त्यातले निम्मे दिवस त्याच्या गॅरेजमध्ये हातात टॉर्च धरून उभा होतो. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा वर्षभर बसून काही ना काही शिकतातच. शिवाय वही माझ्याकडे होती!

आधी गाडीची ओळख करून देतो. एमजी म्हटलं की आपल्याकडच्या तरुण मंडळींना २०१९पासून रस्त्यावर दिसणारी हेक्टर आठवेल. नाव तेच, पण ही गाडी वेगळी. मूळ एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डचं. तिथून जवळच्या अ‍ॅबिंग्डन गावात त्यांचा कारखाना होता. एमजीबी हे मॉडेल १९६२ साली आलं आणि १९८०पर्यंत निघत राहिलं. पाच लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. दोन माणसांची, बुटकी, कापडी टपाची गाडी. धाकट्याकडे आहे ती १९७२ सालची, पांढरी. १९८१ साली त्याने ती जुनीच विकत घेतली, म्हणजे आता त्याच्या संसाराइतकीच जुनी.

बॉनेट उघडल्यावर मला मात्र ती परकी वाटली नाही. तिचं इंजिन 'बी सिरीज' घराण्यातलं, १७९८ सीसीचं. आपल्या अ‍ॅम्बॅसिडरमध्ये कित्येक वर्षं जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन होतं, ते याच घराण्यातलं! म्हणजे आपल्या ज्या गाडीत मागे पाच आणि पुढे चार बसून लग्नाला जायचे, तिची ही चुलत बहीण. एकीला संसार मिळाला, दुसरीला हौसमौज. धाकट्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "दादा, म्हणूनच मला ती कळते."

आता मुद्द्यावर येतो. मी पोचलो तेव्हा घरात या गाडीवरून शीतयुद्ध चालू होतं. भावजयीचं म्हणणं, "दादा, तुम्हीच सांगा यांना. त्र्याहत्तर वय झालं. गाडी विकून टाका म्हणावं." धाकट्याचं म्हणणं, गाडी विकायची नाही, उलट आता निवांत वेळ आहे तर ती 'सुधारायची'. त्याच्याकडे यादी तयार होती. त्या यादीत मोठा कार्बोरेटर होता, रुंद चाकं होती, लाकडी कड्याचं छोटं स्टिअरिंग होतं. दोघांनीही मला पंच नेमलं. पंचाला गाडीतलं काही कळत नाही हा दोघांच्याही मते गुणच होता.

मी पहिल्यांदा नियम विचारले, कारण मास्तराला दुसरं काय सुचणार? तेव्हा जे कळलं त्याने मी जरा दचकलोच. ब्रिटनमध्ये गाड्यांची दरवर्षी 'एमओटी' नावाची तपासणी होते. पण मे २०१८पासून, चाळीस वर्षांहून जुन्या आणि फारसा मूळ बदल न केलेल्या गाडीला ती सक्तीची नाही. गाडी रस्त्यावर नेण्याजोगी आहे की नाही हे मालकानेच ठरवायचं. आणि चालकाचं? सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण. मी गेलो तेव्हा त्यासाठी परीक्षा नव्हती, 'माझी तब्येत ठीक आहे, नजर ठीक आहे' असं आपणच लिहून द्यायचं.

म्हणजे बघा, गाडीचा पेपर मालकाने तपासायचा आणि मालकाचा पेपरही मालकानेच! मी एकदा सातवीच्या वर्गाला स्वतःचे पेपर स्वतः तपासायला दिले होते. सगळ्यात हुशार मुलांनी स्वतःला सर्वांत कमी गुण दिले होते, आणि... असो.

तेव्हा मी निकाल दिला. गाडी विकायची की नाही ते नंतर. आधी यादी पुन्हा करायची. प्रत्येक बदलापुढे तीन रकाने: याने गाडी थांबेल, दिसेल किंवा पेट घेण्यापासून वाचेल का? हे आपल्या हाताने घरी होईल का? आणि उद्या मन बदललं तर जुना भाग परत बसवता येईल का? भावजयीला पहिला रकाना आवडला, धाकट्याला दुसरा. तिसरा माझा.

पहिलाच धडा टायरने दिला. वरून पाहिलं तर टायर नवेकोरे, नक्षी खोल. पण टायरच्या बाजूवर एक चार आकडी खूण असते: पहिले दोन आकडे वर्षातल्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टॉर्च मारून मी वाचलं, '२३१०'. म्हणजे २०१० सालचा तेविसावा आठवडा. तेरा वर्षांचे टायर! गाडी वर्षातून हजार-दीड हजार किलोमीटर धावणार, त्यामुळे टायर झिजत नाही, पण रबर म्हातारं होतच राहतं. कडक होतं, बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. चारही टायर बदलले, मूळ मापाचेच. यात कसली सुधारणा, असं धाकटा कुरकुरला. पण नंतर चालवून आला तेव्हा गप्प होता. मी वहीत 'पास' लिहिलं.

दुसरा ब्रेक. त्या काळातल्या ब्रिटिश एमजीबीत ब्रेकचं एकच सर्किट असतं. एका नळीने दगा दिला की चारही चाकांचा ब्रेक गेला. शिवाय ब्रेकचं तेल हवेतला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे ते कमी तापमानाला उकळतं आणि आतून नळ्याही गंजतात. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदलायचं. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, पण आतून सुजतात, मग पाय उचलला तरी ब्रेक धरून राहतो. आम्ही रबरी नळ्या नव्या घातल्या आणि जुन्या पोलादी नळ्यांच्या जागी तांबं-निकेल मिश्रधातूच्या बसवल्या, त्यांना गंज लागत नाही. तेल बदलताना पेडल दाबायचं काम माझ्याकडे होतं. "दाब... धर... सोड." सत्त्याहत्तराव्या वर्षी मी धाकट्याचे हुकूम पाळत होतो. लहानपणी मी त्याला पुष्कळ पिदडलं होतं, त्याची फिटंफाट झाली.

याच कामात ब्रेकचा सर्व्होही बसवला. इंजिनातल्या निर्वात दाबाचा उपयोग करून तो पायाला मदत करतो. एक गोष्ट मात्र धाकट्याने प्रामाणिकपणे सांगितली: सर्व्होमुळे गाडी कमी अंतरात थांबते असं नाही, तेवढंच थांबायला पाय कमी दाबावा लागतो. ज्याच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला हा फरक लहान नाही. बदल गाडीत झाला, पण तो होता माणसासाठी. पास.

तिसरा विषय दिव्यांचा, आणि इथे मला सर्वांत जास्त मजा आली. धाकट्याची तक्रार होती की रात्री हेडलाइट पिवळट, मंद पडतात. बल्ब नवे घातले तरी तेच. त्याने मीटर लावला. इंजिन चालू असताना बॅटरीपाशी साडेतेरा व्होल्ट, आणि हेडलाइटच्या बल्बपाशी ११.८. मग मधले पावणेदोन व्होल्ट गेले कुठे? तर पन्नास वर्षांच्या बारीक वायरी, काळवंडलेले सांधे आणि स्टिअरिंगजवळचा जुना स्विच यांनी खाल्ले. हेडलाइटचा सगळा प्रवाह, म्हणजे नऊ-दहा अँपिअर, त्या एवढ्याशा स्विचातून जातो. आणि साध्या तारेच्या बल्बचं गणित फार कठोर असतं: विजेचा दाब दहा टक्के उतरला तर उजेड जवळजवळ तीस टक्के उतरतो. इथे तर एक तृतीयांशाहून जास्त उजेड वाटेतच सांडत होता.

यावर उपाय म्हणजे रिले. रिले म्हणजे हरकाम्या. स्विचने त्याला फक्त हाक मारायची, मग तो बॅटरीकडून जाड वायरीने थेट प्रवाह आणून दिव्याला देतो. दोन रिले लावले, एक डीपरला आणि एक अपरला. खर्च एका वेळच्या हॉटेलातल्या जेवणाइतका. सगळ्या अर्थिंगचे सांधे पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. बल्बपाशी पुन्हा मीटर लावला तर १३.२! त्याचबरोबर हेडलाइटच्या वायरीला फ्यूज घातला. या गाडीत कारखान्यातून हेडलाइटला फ्यूजच दिलेला नव्हता. वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर वितळणार ती वायरच. ठळक अक्षरात पास.

मागच्या ब्रेकच्या दिव्यांत एलईडी बल्ब घातले. साध्या बल्बची तार तापून पुरता उजेड द्यायला एलईडीपेक्षा सेकंदाचा साधारण पाचवा भाग जास्त लागतो. एवढंसं वाटतं ना? ताशी शंभर किलोमीटरने मागून येणारी गाडी तेवढ्यात साडेपाच मीटर पुढे येते. लाल काचेमागे लालच एलईडी घालायचा, पांढरा नाही. तो जास्त उजळ दिसतो. बाजूच्या इंडिकेटरलाही एलईडी घातले तर त्यांचा फ्लॅशर बदलावा लागतो, कारण जुना फ्लॅशर बल्बच्या प्रवाहाने तापूनच टिकटिक करतो. ते आम्ही केलं नाही. ती टिकटिक धाकट्याला आवडते म्हणे.

चौथा बदल इग्निशनचा. जुन्या पद्धतीत डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट असतात. ते उघडझाप करतात आणि ठिणगी पडते. त्यांच्यातली फट ०.३८ मिलिमीटरच्या आसपास ठेवावी लागते, ती झिजून बदलत जाते आणि मग गाडी सकाळी रुसते. त्याऐवजी त्याच टोपीखाली मावेल असा इलेक्ट्रॉनिक संच मिळतो. बाहेरून काहीच कळत नाही. काम अर्ध्या तासाचं. पण इलेक्ट्रॉनिक भाग बिघडला की एकदम बिघडतो, पॉइंटसारखा आधी कुरकुरून सूचना देत नाही. म्हणून जुने पॉइंट आणि कंडेन्सर एका बिस्किटाच्या डब्यात घालून डिकीत ठेवले. तिसऱ्या रकान्याचं महत्त्व धाकट्याला इथे पटलं.

पाचवा पेट्रोलचा. हे आपल्याकडच्या मंडळींनीही वाचावं. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं, आणि भारतात तर आता वीस टक्क्यांचं पेट्रोल आहे. जुन्या काळच्या रबरी नळ्या इथेनॉलसाठी केलेल्या नव्हत्या. त्या मऊ पडतात किंवा चिरतात, आणि खाली तापलेला सायलेन्सर! टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाच्या घातल्या. पोटमाळ्यावर किंवा अंगणात कोणाची जुनी स्कूटर असेल आणि ती पुन्हा चालू करायची हौस असेल, तर आधी ती पेट्रोलची नळी बघा.

सहावा बॅटरीचा. कंपनीने या गाडीला सीटमागे जमिनीत दोन खळगे करून सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिल्या होत्या. दोन बॅटऱ्या, दुप्पट सांधे, आणि हात पोचायला अडचण, म्हणून कोणी बघतही नाही. त्यांच्या जागी बारा व्होल्टची एकच घातली, आणि जवळच एक किल्लीचा कटऑफ. गाडी उभी केली की किल्ली काढून खिशात. आग लागायची तर विजेने लागायला नको आणि चोरी व्हायची तर चोराला जरा शोधाशोध करायला लागावी!

सातव्या बदलाने गाडी खरोखर 'सुधारली' असं धाकटा म्हणतो. १९७३ ते ७६ या काळात याच गाडीची साडेतीन लिटरच्या व्ही-एट इंजिनाची आवृत्ती निघाली होती. तिच्या पुढच्या चाकांच्या आडव्या दांड्यांना जे रबरी बुश असतात, ते साध्या एमजीबीलाही बसतात आणि जास्त दणकट असतात. किंमत किरकोळ. पण ते बदलायला पुढची स्प्रिंग काढावी लागते, आणि दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडेल नाहीतर त्याहून वाईट. हे काम आम्ही गॅरेजवाल्याला दिलं. घरी करण्याच्या कामात 'हे घरी करायचं नाही' हे ओळखणंही येतं. तसाच आमचा दुसरा नियम, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही. आधी खाली लोखंडी घोड्या लावायच्या, गाडी हलवून बघायची, मगच आत.

आता नापास झालेले. मूळचे दोन कार्बोरेटर काढून मोठा एक घालायचा बेत होता: आवाज वाढतो, पेट्रोल वाढतं, आणि वाढलेली ताकद वापरणार कुठे? नापास. रुंद चाकं: या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, गाडी उभी करताना खांदे भरून येतात. नापास. छोटं लाकडी स्टिअरिंग: तेच कारण. (हे नापास करताना मला वाईट वाटलं. दिसायला सुरेख होतं.) मूळचे तेलाचे शॉकअब्सॉर्बर काढून नव्या पद्धतीचे लावायचे होते. पण जुन्यांत तेल भरल्यावर ते ठीक चालू लागले. म्हणजे औषधाने बरं झालं, ऑपरेशन टळलं.

हे सगळं झाल्यावर मी आग्रह धरला की सक्ती नसली तरी गाडी तपासून घ्यायची. स्वतःहून एमओटी करून घेता येते. धाकटा म्हणाला, "नियमात नाही ना, मग कशाला?" भावजय म्हणाली, "नेताय की मी ओढून नेऊ?" गाडी पास झाली, पण एक शेरा मिळाला: डावीकडच्या दाराखालच्या सिलला आतून गंज सुरू झाला आहे. एमजीबीला खाली वेगळी चौकट नसते, पत्र्याची पेटीच सगळा भार घेते आणि त्यात हे सिल म्हणजे घराची तुळई. ते कुजलं तर वरचे दिवे नि बुश काय कामाचे? वरून कीर्तन, आतून तमाशा. ते वेल्डरकडून कापून नवं घालून घेतलं, खर्च बाकी सगळ्या बदलांच्या बेरजेहून जास्त आला. मग आम्ही दोघांनी पोकळ भागांत लांब नळीने गंजरोधक मेण मारलं. हात आठवडाभर चिकट होते.

परत यायच्या आधल्या आठवड्यात वहीत एक ओळ रिकामी होती. मी धाकट्याला म्हटलं, गाडीचा पेपर तर परक्याकडून तपासून घेतला, आता तुझा? तिथला नियम असा की वीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता आली पाहिजे. रस्त्यावर पावलं मोजून मी त्याला उभा केला. चष्मा लावून त्याने घडाघडा वाचली आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. भावजय दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "आणि रात्री समोरून दिवे आले की?" धाकटा काही बोलला नाही. बराच वेळ. मग माझ्या हातातलं पेन घेऊन त्यानेच शेवटच्या ओळीत लिहिलं, 'डोळे. तपासणे.'

साठीपुढच्यांना तिथे डोळ्यांची तपासणी फुकट असते. तपासणीत दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, उजव्यात जास्त. ऑपरेशन होईपर्यंत गाडी फक्त दिवसाउजेडी काढायची, असं नवरा-बायकोत ठरलं. विकायचा विषय भावजयीने त्यानंतर काढला नाही. काढणारच नाही असं नाही, पण तो आता त्या दोघांनी मिळून ठरवायचा विषय झाला आहे, भांडायचा नाही.

२०२४च्या पावसाळ्यात त्याचं दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर महिन्याभराने तो एका संध्याकाळी भावजयीला घेऊन गाडीतून फिरून आला आणि आल्या आल्या मला फोन केला. आमच्याकडे मध्यरात्र झाली होती.

"दादा, ते रिले फारच उत्तम काम करतायत बघ! रस्ता दुधासारखा दिसला."

मी म्हटलं, "अरे, रिले तर गेल्या वर्षीच लावले होते आपण."

पलीकडे जरा शांतता. मग मागून भावजयीचं हसणं ऐकू आलं.